खेळाडू ते फुटबॉल प्रशिक्षक: मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळणं थांबवलेले किंवा थांबवायच्या वाटेवर असलेले मुंबईचे फुटबॉलपटू, त्यांच्या घरची माणसं आणि क्लबांचे सेक्रेटरी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी पायाभूत प्रश्न, अडचणीचे शेवटी. कोर्सची फी, तारखा आणि पात्रतेच्या अटी बदलत असतात. अर्ज भरण्याआधी त्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून, म्हणजे विफाकडून, खात्री करून घ्या.

१. मी वरच्या पातळीवर खेळलोय. मग चांगला कोच होणारच ना?

नाही. खेळलेल्या माणसाला ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवशी मान मिळतो आणि मुलं लक्ष देऊन ऐकतात. हा फायदा महिनाभर पुरतो. त्यानंतर शिकवता येतं की नाही, एवढंच उरतं.

खेळाडू म्हणून तुम्ही जे न विचार करता करत होता, ते कोच म्हणून तुकड्यातुकड्यांत सांगावं लागतं. मिडफिल्डरने चेंडू घेण्याचंच बघा. पास निघण्याआधी खांद्यावरून मागे नजर टाकायची, शरीर अर्धं वळवून मैदानाकडे उघडं ठेवायचं, चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, आणि पहिला स्पर्श मोकळ्या जागेकडे न्यायचा. या चार गोष्टी आहेत. मुलाचा चेंडू हरवला, तर यातली नेमकी कोणती चुकली हे तुम्हाला दिसलं पाहिजे. ‘लक्ष दे रे’ म्हटल्याने काहीच सुधारत नाही.

ब्राझीलचे झगालो, जर्मनीचे बेकनबाउर आणि फ्रान्सचे देशाँ यांनी खेळाडू म्हणूनही विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक म्हणूनही. असे तिघेच. उलट इटलीचे नामवंत प्रशिक्षक आरिगो साकी कधी व्यावसायिक पातळीवर खेळले नाहीत. भारताला १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते, हे तर प्रत्येक माजी खेळाडूने लक्षात ठेवावं.

२. सुरुवात कधी करू? निवृत्त झाल्यावर की आधीच?

आधीच. वयाची २७-२८ वर्षं ही चांगली वेळ. ऑफ-सीझनमध्ये पहिला कोर्स होतो आणि खेळत असतानाच आठवड्यातून दोन सकाळी एखाद्या शाळेच्या संघाला शिकवता येतं. क्लबशी करार असेल तर बाहेर कोचिंग करायला क्लबची लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार वाद झाल्यावर कामाला येत नाही.

उशीर केल्यास काय होतं ते मुंबईत दर वर्षी दिसतं. गुडघ्याचं लिगामेंट तुटतं, करार वाढत नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी माणूस पहिल्या पायरीच्या कोर्सला अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसतो. लायसन्सच्या दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ दाखवावा लागत असल्याने ती वर्षं घाई करून भरून काढता येत नाहीत.

३. लायसन्सची शिडी नेमकी कशी आहे?

खालून वर अशी: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, मग आशियाई महासंघाचं एएफसी सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डीच्या खाली नवख्यांसाठी ई नावाची प्राथमिक पायरी आहे, पण व्यावसायिक खेळलेला माणूस बहुधा डीपासूनच विचार करतो. डीसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत.

ढोबळ मानाने डी लहान मुलांसाठी, सी कुमार गटासाठी, बी मोठ्यांच्या संघाच्या तयारीसाठी, ए वरच्या स्पर्धात्मक संघांसाठी आणि प्रो मुख्य प्रशिक्षकपदासाठी. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुख्य प्रशिक्षकाकडे प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स लागतं. डीपासून प्रोपर्यंत पोचायला सगळं सुरळीत गेलं तरी सात-आठ वर्षं धरून चाला. बॅचमध्ये जागा कमी आणि अर्ज जास्त, त्यामुळे ए आणि प्रोसाठी थांबावं लागतं.

४. डी आणि सीच्या कोर्समध्ये काय करावं लागतं? माजी खेळाडू नापास का होतात?

वर्गात खेळाचे नियम, वयोगटाप्रमाणे मुलांची वाढ, सेशनचं नियोजन आणि प्रथमोपचार असतात. मैदानावर तुम्ही एकमेकांच्या सेशनमध्ये खेळाडू होता आणि आपली पाळी आली की शिकवता. सीला कोर्स टप्प्यांत होतो आणि मधल्या काळात स्वतःच्या संघाबरोबर केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते.

परीक्षेचा गाभा म्हणजे तुमचं प्रात्यक्षिक सेशन. विषय चिठ्ठीवर येतो, समजा ‘विंगवरून हल्ला’. तुम्ही कागदावर जागेची मापं, खेळाडूंची संख्या, मुद्दे आणि पुढची पायरी आखता, मग ते वीसेक मिनिटांत करून दाखवता.

माजी खेळाडूंचे गुण तीन ठिकाणी जातात. पहिलं म्हणजे ते स्वतःच खेळून दाखवतात. क्रॉस सुंदर पडतो, सगळे बघत राहतात, आणि परीक्षकाला शिकवणं कुठेच दिसत नाही. दुसरं, दर अर्ध्या मिनिटाला शिट्टी मारून खेळ थांबवतात. थांबवायचं तेव्हा चूक झाली त्या जागीच सगळ्यांना उभं करा, एकच मुद्दा सांगा, तोच प्रसंग पुन्हा खेळवा आणि सोडून द्या. हे सगळं अर्ध्या मिनिटात आटोपलं पाहिजे. तिसरं, विषय सोडून भरकटतात. विंगचा विषय असताना बचावफळीच्या रेषेवर बोलत बसलात, तर ते बरोबर असूनही चुकीचं धरलं जातं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सेशनचा आराखडा आधी घरी आखून, मोजपट्टीने जागा मोजून, चार मित्रांवर करून बघा. कागदावर २० × १५ मीटरमध्ये मावलेला ६ विरुद्ध ६ मैदानावर फार दाटीचा होतो, आणि ते परीक्षेच्या दिवशी कळून उपयोग नाही.

५. संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, खेळलोय. खालच्या पायऱ्यांतून सूट मिळते का?

ती गृहीत धरू नका. खेळण्याचा अनुभव अर्जात वजन टाकतो आणि जागा मर्यादित असताना निवडीत मदत करतो. एखाद्या बॅचसाठी माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना काही सवलत असेल तर ती त्या बॅचच्या सूचनेत लिहिलेली असते. सूट मिळालीच तरी डीमधला लहान मुलांचा भाग मनापासून शिका. कारण ८व्या प्रश्नात आहे.

६. एनआयएसची पदविका चांगली की लायसन्स? आणि ऑनलाइन प्रमाणपत्रांचं काय?

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सरकारी आणि निमसरकारी कोच पदांसाठी, विद्यापीठांसाठी, शाळांसाठी उपयोगी पडते. क्लब फुटबॉलमध्ये विचारलं जातं ते लायसन्स. सरकारी नोकरीचा विचार असेल तर दोन्ही असलेली बरी.

एखाद्या परदेशी क्लबचं नाव लावलेल्या दोन दिवसांच्या शिबिराचं किंवा ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र लायसन्स नसतं. त्यातून शिकायला मिळत असेल तर जरूर करा, पण क्लबच्या नोंदणीत ते चालत नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा कोर्स भारतीय महासंघाच्या किंवा एएफसीच्या यादीत आहे का?

७. मुंबईत पहिलं काम कुठे मिळतं?

शाळेत. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांमुळे आणि शाळांच्या राष्ट्रीय सुब्रतो कपमुळे कित्येक शाळांना संघ उभा करणारा माणूस हवा असतो. अर्ज जूनमध्ये नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये द्या, कारण पावसाळ्यात स्पर्धा सुरू होतात तेव्हा शाळेने माणूस आधीच ठरवलेला असतो.

दुसरी जागा खासगी अकादम्या. वांद्र्यापासून ठाण्या-नवी मुंबईपर्यंत टर्फवर चालणाऱ्या अकादम्यांना डीवाले सहाय्यक सतत लागतात. तिसरी जागा मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधले क्लब. (बरेच जण या असोसिएशनला अजून जुन्या नावाने, एमडीएफएच, म्हणतात.) सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये जागा सहज मिळणार नाही, पण खालच्या डिव्हिजनमध्ये कोच नसलेला संघ हमखास सापडतो. तिथे मानधन नगण्य असतं, मात्र हंगामभर मोठ्या माणसांचा संघ हाताळल्याचा अनुभव तुमच्या नावावर लागतो आणि पुढच्या लायसन्सच्या अर्जात तोच विचारतात.

एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी, बँका आणि रेल्वे यांच्या संघांनी या शहरात पिढ्यान् पिढ्या खेळाडूंना पगार दिला आणि खेळ संपल्यावर कोचची खुर्चीही दिली. तो रस्ता आता बराच अरुंद झाला आहे. महिंद्र युनायटेड २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, तो २०१०मध्ये बंद झाला. त्याऐवजी मुंबई सिटी एफसीचे कुमार संघ आणि नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमी आल्या आहेत. तिथे निवड कडक असते आणि वरच्या लायसन्सशिवाय दार उघडत नाही.

८. मुलांच्या पहिल्या सेशनमध्ये काय चुकतं?

रांग. जवळजवळ प्रत्येक माजी खेळाडू पहिल्या दिवशी मुलांना एका रांगेत उभं करून शूटिंग घेतो, कारण त्याला स्वतःला तसंच शिकवलं होतं. हिशेब करा. १६ मुलं, एका शॉटला १५ सेकंद, म्हणजे प्रत्येकाची पाळी ४ मिनिटांनी येते. १५ मिनिटांच्या शूटिंगमध्ये एका मुलाला चारही शॉट मिळत नाहीत. बाकी वेळ तो पुढच्याच्या पाठीत बोटं खुपसतो, आणि कोच म्हणतो हल्लीच्या मुलांचं लक्ष नसतं.

१२ वर्षांखालच्या १६ मुलांसाठी अर्ध्या टर्फवरचं ६० मिनिटांचं सेशन असं आखा. पहिली १० मिनिटं येतील तसे २ विरुद्ध २ खेळू द्या. उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबायचं नाही. पुढची १५ मिनिटं ८ × ८ मीटरचे चार चौकोन, प्रत्येकात ३ विरुद्ध १. इथे मुद्दा एकच: पास दिल्यावर उभं राहायचं नाही, कोन बनवायचा. मग १५ मिनिटं २ विरुद्ध १ करत गोलकडे जायचं, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, म्हणजे रांग छोटी राहते. शेवटची २० मिनिटं दोन छोट्या मैदानांवर ४ विरुद्ध ४, गोलकीपरशिवाय. तुम्ही बाहेर उभे राहून बघा आणि गप्प बसा. मधल्या भागातलं काही खेळात उतरलं का, ते तेव्हाच कळतं.

सामान: ४ नंबरचे चेंडू, शक्य तर प्रत्येकाला एक, निदान दोघांत एक. ५ नंबरचा चेंडू या वयाला मोठा आणि जड पडतो. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, ४ नंबरचा ६३.५ ते ६६. तीन रंगांची बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायच्या बंड्या), चाळीसेक मार्कर, पंप आणि दोन जादा सुया (एक हमखास मोडते), बर्फ आणि प्रथमोपचाराची पेटी.

१४ वर्षांवरच्या मुलांसाठी वॉर्म-अपला ‘फिफा ११+’ वापरा. धावण्याची ८ मिनिटं, ताकद, उड्या आणि तोल यांची १०, पुन्हा वेगात धावण्याची २. एकूण १५ व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा. गुडघा-घोट्याच्या दुखापती कमी करण्यासाठीच तो बनवला आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू नयेत, एवढं एक बघितलंत तरी अर्धं काम झालं.

९. मुंबईचा पाऊस आणि उकाडा यांत सेशन कसं घ्यायचं?

पावसात चेंडू कृत्रिम टर्फवर निसटून वेगाने पळतो आणि मातीच्या मैदानावर चिखलात थांबतो. टर्फवर लांब पासऐवजी पायात पास आणि पहिला स्पर्श शिकवा. चिखलात उंच चेंडू आणि त्याच्या उडीनंतर सुटलेल्या ‘दुसऱ्या चेंडू’साठीची झुंज शिकवा. कृत्रिम टर्फवर लांब स्टडचे बूट घालू देऊ नका. पाय रुततो, शरीर वळतं, गुडघा जातो.

गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. पालकांनी कितीही आग्रह केला तरी.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे खरे धोक्याचे महिने, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. सेशन सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवा, दर १५ मिनिटांनी पाणी. सामन्यात नियमांनुसार पाण्यासाठी जास्तीत जास्त १ मिनिटाचा आणि शरीर थंड करण्यासाठी ९० सेकंद ते ३ मिनिटांचा ब्रेक स्पर्धेच्या नियमात ठेवता येतो. आयोजकांकडे तो आधीच मागून घ्या. मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, पाय लटपटले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, मानेला आणि काखेत बर्फ लावा आणि रुग्णवाहिका बोलवा. घरी पाठवून देऊ नका.

१०. यात पैसे किती मिळतात? स्वतःची अकादमी परवडते का?

पगारी कामात आकडा लायसन्स आणि क्लबची पातळी ठरवते. अकादमीचा हिशेब मात्र स्वतः मांडावा लागतो, आणि तो न मांडल्यामुळे चांगले कोच बुडतात.

उदाहरणादाखल: टर्फ तासाला २,००० रुपये, महिन्यात १२ सेशन, म्हणजे २४,०००. सहाय्यकाला ८,०००. चेंडू, बिब, किरकोळ ३,०००. खर्च ३५,०००. २० मुलं, प्रत्येकी २,५०० रुपये, जमा ५०,०००. उरले १५,०००. छान वाटतं. जुलैमध्ये पावसामुळे मुलं १३वर येतात. जमा ३२,५००, खर्च तेवढाच, आणि खिशातून २,५०० जातात. परीक्षांच्या दिवसांत पुन्हा तेच. म्हणून फी तिमाही घ्या, टर्फ वर्षाच्या कराराने आणि पावसाळी सवलतीसह ठरवा.

करांचं: क्लब किंवा शाळा व्यावसायिक शुल्क म्हणून मानधन देत असेल तर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरलं नाही तर परतावा मिळत नाही. खासगी अकादमीच्या फीवर वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागू होतो. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेला तिच्या स्पर्धेसाठी वैयक्तिकरीत्या दिलेल्या कोचच्या सेवेला सूट आहे, पण ती तुमच्या अकादमीला लागू होत नाही. चार्टर्ड अकाउंटंटला पहिल्याच वर्षी गाठा.

११. खेळाडू कोट्यातून बँकेत, रेल्वेत नोकरीला आहे. कोचिंग करता येईल का?

खात्याची लेखी परवानगी घेऊन, हो. आपल्याच संस्थेच्या संघाला शिकवायचं असेल तर अडचण क्वचित येते. बाहेर मानधन घेऊन शिकवायचं तर सेवा नियमांनुसार आधी एनओसी घ्या, उत्पन्न जाहीर करा. लायसन्स कोर्ससाठी विशेष रजा मिळू शकते. अर्जासोबत कोर्सचं निवडपत्र जोडा, नुसत्या तारखा नव्हे.

ही नोकरी कोच म्हणून तुमची मोठी ताकद आहे. पहिल्या पाच वर्षांत कोचिंगच्या पैशावर घर चालवायची सक्ती नसेल तर तुम्ही शिकवण्यासाठी बरोबर कामं निवडता. ही नोकरी घाईने सोडू नका.

१२. आधी सहाय्यक व्हावं की मिळालं तर थेट मुख्य प्रशिक्षक?

सहाय्यक किंवा कुमार संघ. कार्लो अँचेलोटी १९९४च्या विश्वचषकात साकींचे सहाय्यक होते, त्यानंतर रेजिआना क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले. पेप ग्वार्डिओला बार्सिलोनाच्या बी संघाबरोबर २००७-०८चा हंगाम काढून मुख्य संघाकडे आले. शाबी अलोन्सो रिअल माद्रिदच्या लहान मुलांपासून सुरुवात करून रिअल सोसिएदादच्या बी संघाबरोबर तीन हंगाम राहिले, मग २०२२मध्ये जर्मनीतला लेव्हरकुझेन क्लब, आणि २०२३-२४मध्ये एकही सामना न हरता तिथली लीग, बुंडेसलिगा, जिंकली. उलट बाजूला आंद्रेआ पिर्लो २०२०मध्ये कुठल्याही संघाला शिकवण्याआधी युव्हेंटसचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि एका हंगामात गेले. गॅरी नेव्हिल व्हॅलेन्सियात चार महिनेही टिकले नाहीत. हे दोघे खेळाडू म्हणून किती मोठे होते ते सांगायला नको.

मुख्य प्रशिक्षकाच्या दिवसातला शिकवण्याचा भाग थोडाच असतो. बाकी निवड, नाराज खेळाडू, फिजिओ, मालक आणि प्रवास. ते दुसऱ्याच्या जबाबदारीवर बघायला मिळणं, हाच सहाय्यकपदाचा फायदा. आयएसएल क्लबांना भारतीय सहाय्यक ठेवावा लागतो, ती जागा आज आपल्या कोचसाठी सर्वात मोलाची आहे.

१३. भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांचा रस्ता कसा होता? तसं पुन्हा जमेल?

महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले जमील २००९मध्ये मुंबई एफसीचे (हा क्लब मुंबई सिटीहून वेगळा) प्रशिक्षक झाले. मोठं बजेट नसलेला तो संघ त्यांनी वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, टिकवला. २०१६मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं आणि पुढच्याच हंगामात, २०१६-१७ला, त्यांनी ऐजॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. आधीच्या मोसमात तो संघ पदावनत होऊन परत घेतला गेला होता. नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१मध्ये अंतरिम प्रशिक्षक म्हणून उपांत्य फेरीत नेलं, आणि २०२१मध्ये आयएसएलचे पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. मग जमशेदपूर, आणि १ ऑगस्ट २०२५ला भारतीय संघ. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक आला, ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हरून आशिया चषकाची पात्रता हुकली.

पहिल्या नेमणुकीपासून राष्ट्रीय संघापर्यंत सोळा वर्षं लागली. त्यांच्याकडून शिकायचं ते हे: कमी साधनांत बचाव आधी बसवणं, उपलब्ध खेळाडूंना झेपेल तोच खेळ खेळणं आणि काम जिथे मिळेल तिथे, ईशान्येपर्यंत, जाणं. मुंबईचे कोच नौशाद मूसा आणि संतोष कश्यप यांनीही शहराबाहेरची कामं घेतली. फक्त चर्चगेट ते विरार यामध्ये राहून वर जाता येत नाही.

१४. ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांचाच कोच झालोय. कसं वागू?

पहिल्याच बैठकीत नियम सांगा आणि पहिला नियम जवळच्या मित्राला लावा. उशिरा आला तर तोही बाकावर. संघ जाहीर करण्याआधी वगळलेल्याला बाजूला घेऊन कारण सांगा. ते कारण खेळाचं आणि त्याला सुधारता येईल असं हवं. खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. त्यांना त्यांची जागा हवी असते. खेळत-खेळत कोच होणार असाल, तर सामन्याच्या दिवशी बदलांचा निर्णय सहाय्यकाकडे द्या. मैदानाच्या आतून स्वतःची दमणूक दिसत नाही.

१५. मी गोलकीपर होतो. वेगळा मार्ग आहे का?

हो. एएफसीचे गोलकीपर कोचसाठी स्वतंत्र कोर्स आहेत. मुंबईत मागणी भरपूर आणि माणसं कमी आहेत. एकाच वेळी तीन-चार अकादम्यांना आठवड्यातून एकेक सत्र देता येतं. तरी सामान्य शिडीवर निदान सीपर्यंत चढा. मुख्य प्रशिक्षक व्हायचं मनात आलं तर तीच लागते.

१६. महिला खेळाडूंसाठी काही वेगळं आहे का?

शिडी तीच. मुलींच्या शाळा आणि संघ स्त्री कोच मागतात आणि लायसन्स असलेल्या कमी मिळतात, त्यामुळे पहिलं काम लवकर मिळतं. अडकतं ते वर: फक्त मुलींच्याच संघांवर ठेवलं जातं. बी लायसन्सच्या सुमारास मुलग्यांच्या किंवा पुरुषांच्या संघाबरोबर एक हंगाम आग्रहाने मागून घ्या.

१७. बाकावरून ओरडल्याबद्दल मला कार्ड कसं मिळू शकतं?

२०१९पासून कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवतात. टेक्निकल एरिया, म्हणजे कोचने उभं राहायची आखलेली जागा, बाकाच्या दोन्ही बाजूंना १ मीटर आणि समोर टचलाइनपासून १ मीटर अलीकडेपर्यंत असतो. एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या. वारंवार हद्द ओलांडणं, बाटली आपटणं यांना पिवळं. प्रतिस्पर्ध्याचा थ्रो-इन अडवायला चेंडू धरून ठेवलात तर थेट लाल.

बाकावरच्या कुणी शिवी दिली आणि रेफरीला तो ओळखता आला नाही, तर कार्ड तिथल्या सर्वात वरिष्ठ कोचला मिळतं. बदली खेळाडूंना हे हंगामाआधी सांगून ठेवा.

१८. मुलांच्या सुरक्षिततेबाबत कोचवर कायद्याने काय येतं?

पॉक्सो कायदा, २०१२नुसार लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती मिळाली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी आपण आपल्यात बघू’ असं कुणी म्हटलं, अकादमीचा मालक असला तरी, ऐकायचं नाही.

रोजच्या कामात: बाहेरगावच्या स्पर्धेला कोच आणि मुलं एका खोलीत झोपत नाहीत. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असतेच. मुलांशी संदेश पालक असलेल्या ग्रुपवरच. सहाय्यक नेमताना पोलीस पडताळणी करा. डोक्याला मार लागून मूल भांबावलं तर त्या दिवशी ते पुन्हा खेळत नाही, फायनल असली तरी.

१९. करारात काय बघू? मधेच काढलं तर?

करार लेखी हवा. त्यात मुदत, पगार, देण्याची तारीख, बोनसची अट, घर आणि प्रवास, आणि मुदतीआधी काढल्यास किती महिन्यांचा पगार, हे हवंच. ‘निकाल समाधानकारक नसल्यास’ असं मोघम वाक्य असेल तर ते काढून घ्या किंवा आकड्यांत लिहून घ्या. लीगच थांबली तर काय, हेही आता लिहिलं पाहिजे. २०२५मध्ये आयएसएल वेळेवर सुरू झाली नाही, क्लबांनी कामकाज थांबवलं आणि कित्येक कोचांचे पगार अडकले.

पगार थकला की लगेच ईमेलने लेखी मागणी करा, १५ दिवसांची मुदत द्या आणि तोवर कामावर जात राहा. रागाने जाणं बंद केलंत, तर करार तुम्हीच मोडला असा दावा होतो. दाद भारतीय महासंघाकडे मागता येते. फिफाकडे जायला वादाला आंतरराष्ट्रीय बाजू लागते.

२०. माझा विद्यार्थी मोठ्या क्लबात गेला. मला काही मिळतं का? ट्रायलला पाठवल्याबद्दल पालकांकडून पैसे घेता येतील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. खेळाडू आणि क्लब यांच्यात व्यवहार जुळवून शुल्क घेण्याचा अधिकार फिफाचं लायसन्स असलेल्या एजंटलाच आहे, आणि क्लबच्या नोकरीतल्या कोचला एजंट होता येत नाही. यात अडकलेल्या कोचचं नाव शहरात कायमचं खराब होतं.

मोबदला मिळतो तो क्लबला, कोचला नाही. खेळाडूची दुसऱ्या देशात पैशाने बदली झाली, तर रकमेच्या ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. पण त्या काळात मुलाची नोंदणी तुमच्या क्लबच्या नावाने महासंघाच्या प्रणालीत झालेली हवी. मुंबईतल्या कित्येक टर्फ अकादम्या नोंदणी करतच नाहीत, आणि त्यांचा हक्क तिथेच संपतो. संलग्न क्लब काढा किंवा एखाद्या संलग्न क्लबाशी लेखी करार करा.

२१. लायसन्सची मुदत संपली तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते का?

एएफसीची लायसन्स साधारण तीन वर्षांसाठी असतात आणि त्या काळात कार्यशाळा, चर्चासत्रं, उजळणी यांचे ठरलेले तास भरले की नूतनीकरण होतं. प्रत्येक कार्यशाळेचं हजेरीपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा. मुदत उलटली असेल तर लवकर विफाशी बोला. मुदतबाह्य लायसन्सवर क्लब तुमची नोंदणी करू शकत नाही आणि हंगामाच्या तोंडावर जागा जाते.

२२. गुडघा गेलाय, पळता येत नाही. तरी कोच होता येईल?

होता येईल. प्रात्यक्षिकासाठी संघातला एखादा मुलगा पुढे घ्या. त्याने केलेलं बघून इतरांना ‘मलाही जमेल’ असं वाटतं, जे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूचा फटका बघून वाटत नाही. कोर्सच्या अर्जात दुखापत आधीच लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा, म्हणजे दुसऱ्यांच्या सेशनमध्ये खेळण्याऐवजी दुसरी भूमिका मागता येते. मैदानावर एका जागी खिळून राहू नका. दर सात-आठ मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यात चालत जा. एकाच बाजूने बघणाऱ्या कोचला पलीकडच्या फुलबॅकची चूक हंगामभर दिसत नाही.